आधी सोय, मग सक्ती



जर्मनीत २०२३ साली एका कायद्यावरून सरकारच्या नाकी नऊ आले. कायदा होता घरे ऊबदार ठेवण्याचा. घरात गॅस आणि तेल जाळून ऊब निर्माण करायची, हे हळूहळू बंद करायचे आणि त्याऐवजी वीज, लाकूड, सूर्याची उष्णता वापरायची, असा त्याचा आशय. आमच्यासारख्या वैशाखात पंचेचाळीस अंशांत तापणाऱ्या मुलखाला त्या लोकांच्या शेकोटीशी काय देणेघेणे, असे कोणीही विचारील. आम्ही म्हणतो, देणेघेणे आहे. सरकार वर बसून लोकांच्या घरातले इंधन बदलायला निघते तेव्हा खालच्या घरात काय घडते, याचा हिशेब तिथे आकड्यांनिशी उपलब्ध आहे. आपल्या चुलीवर, आपल्या पऱ्हाटीवर आणि आपल्या सिलिंडरवर सरकारचे लक्ष आहेच. म्हणून दुसऱ्याच्या घरी जळले ते आपण आधी पाहून घ्यावे.

बंब आणि फ्रीज

आधी तिथली व्यवस्था समजून घेऊ. तिकडे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत घर तापवावे लागते. बहुतेक घरांत, बऱ्याचदा तळघरात, एक बॉयलर असतो. आपल्या न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाचाच तो थोरला भाऊ. बंबात लाकूड घालतो, तिथे गॅस किंवा तेल जळते. तापलेले पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरते आणि खोली ऊबदार राहते. जर्मनीत चार कोटींहून जास्त घरे आहेत. त्यांतली साधारण निम्मी गॅसवर तापतात, पाव घरे तेलावर. २०२१ साली त्या देशाचा निम्म्याहून जास्त गॅस रशियातून येत होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत समुद्राखालच्या नळातून येणारा तो गॅस थांबला.

बॉयलरच्या जागी जे यंत्र बसवायचे त्याला हीट पंप म्हणतात. फ्रीजच्या मागच्या जाळीला हात लावून पाहा, गरम लागते. आतली उष्णता ओढून फ्रीज ती बाहेर फेकतो. हीट पंप बाहेरच्या गार हवेतली किंवा जमिनीतली उष्णता ओढून घरात आणतो. एक युनिट वीज खर्च केली की तीन ते चार युनिट उष्णता मिळते. यंत्र उत्तम आहे, यात वाद नाही. वाद यंत्राचा नव्हताच.

कायदा आला कसा

२०२१ च्या शेवटी सत्तेवर आलेल्या तीन पक्षांच्या सरकारने ठरवले होते की १ जानेवारी २०२५ पासून नवीन बसणारी प्रत्येक व्यवस्था किमान ६५ टक्के अपारंपरिक ऊर्जेवर चालावी. युद्ध सुरू झाल्यावर ही तारीख एक वर्ष अलीकडे ओढली. मसुदा तयार होत असतानाच फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस तो एका वर्तमानपत्रात फुटला. त्या मसुद्यात काय करायला लागेल हे होते. पैसे कोण देणार, किती देणार, हे नव्हते. अनुदानाची योजना आली ती एप्रिलमध्ये. मधल्या काळात घरोघर एकच बोलणे : सरकार आपला बॉयलर उचलून नेणार.

खरे तर चालू बॉयलर सरसकट उचलण्याची तरतूद नव्हती. बिघडला तर दुरुस्त करण्याची मुभाही होती. गॅस-तेल पूर्ण बंद करण्याची तारीख २०४४ ची अखेर होती. परंतु एकदा दवंडी उलटी पिटली गेली की गावात सरळ कोण ऐकतो? जुलै २०२३ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने, खासदारांना मसुदा वाचायला पुरेसा वेळ दिला नाही म्हणून, मतदान थांबवले. ८ सप्टेंबर २०२३ ला कायदा संसदेच्या खालच्या सभागृहात मंजूर झाला, तो पातळ होऊनच. जुन्या घरांना लागणारी अट पुढे ढकलली. आधी प्रत्येक शहराने आपला उष्णतेचा आराखडा करायचा, एक लाखावर वस्तीच्या शहरांनी २०२६ च्या मध्यापर्यंत, बाकीच्यांनी २०२८ च्या मध्यापर्यंत, आणि मग अट. म्हणजे जे काम सर्वांत आधी व्हायला हवे होते ते रडारड झाल्यावर शेवटी कायद्यात घातले.

परिणाम पाहा. ज्या वर्षी गॅस कमी करण्याचा कायदा झाला त्याच २०२३ साली जर्मनीत गॅसचे सुमारे ७ लाख ९० हजार बॉयलर विकले गेले. आदल्या वर्षी ते सहा लाखांच्या आसपास होते. बंदी येते म्हटल्यावर लोकांनी घाईघाईने जुनेच नवे करून घेतले. हे बॉयलर वीस-वीस वर्षे चालतील. हीट पंप २०२३ मध्ये ३ लाख ५६ हजार विकले गेले, २०२४ मध्ये ते १ लाख ९३ हजारांवर आले. खत घालून तण वाढवावे, तसा हा प्रकार झाला.

हिशेब कोणाच्या बाजूने

आपण शेतकरी आहोत, वहीवर मांडल्याशिवाय आपल्याला पटत नाही. म्हणून मांडू.

घराला वर्षाला २०,००० युनिट उष्णता लागते असे समजा. गॅसचा युनिट एक रुपयाला धरला तर खर्च २०,००० रुपये. जर्मनीत घरगुती विजेचा युनिट गॅसच्या युनिटाच्या साधारण तिप्पट भावाने पडत आला आहे. घर नवे असेल, भिंती जाड, खिडक्या पक्क्या, तर हीट पंप एका युनिटाचे चार करतो. वीज लागते ५,००० युनिट, खर्च १५,००० रुपये. पाच हजार वाचले. आता घर जुने धरा. भिंतीतून ऊब गळते, पाणी जास्त तापवावे लागते, एकाचे अडीचच होतात. वीज लागते ८,००० युनिट, खर्च २४,००० रुपये. चार हजार अंगावर. यंत्र तेच, कायदा तोच. पक्क्या घराला नफा, पडक्या घराला तोटा. पडक्या घरात कोण राहतो हे सांगायला नको.

आता भांडवली खर्च. एका घरासाठी ३०,००० युरोपर्यंतचा खर्च अनुदानाला धरला जातो. मूळ अनुदान ३० टक्के, म्हणजे ९,००० युरो. उरलेले २१,००० पदरचे. वर्षाचे करपात्र उत्पन्न ४०,००० युरोच्या आत असेल आणि घरमालक स्वतः त्या घरात राहत असेल तर आणखी ३० टक्के, जुना बॉयलर लवकर बदलला तर २० टक्के, पण सगळे मिळून ७० टक्क्यांच्या वर नाही. म्हणजे सर्वांत गरीब मालकालाही ९,००० युरो घालावेच लागतात. गरिबाला जास्त अनुदान, ही गोष्ट त्या कायद्यात चांगली आहे आणि ती चांगली आहे असे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. पण ही चांगली गोष्ट लोकांना सांगायला सरकार उशिरा पोचले.

जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्याच्या घरात राहतात. कोणते यंत्र बसवायचे ते मालक ठरवतो, इंधनाचे बिल भाडेकरू भरतो. बटाईच्या वावरासारखेच. बांध मालकाचा, पण त्याचा खर्च बटाईदाराने सोसायचा. कायद्याने मालकाला हीट पंपाच्या खर्चातला १० टक्के भाग दरवर्षी भाड्यावर चढवू दिला, आणि महिन्याला चौरस मीटरमागे अर्ध्या युरोची मर्यादा घातली. ही मर्यादाही आरडाओरड झाल्यावरच आली.

आणखी एक गोष्ट आपल्या ओळखीची आहे. २०२१ पासून जर्मनीत गॅस-तेलाच्या धुरावर टनामागे २५ युरो आकार सुरू झाला. २०२५ पर्यंत तो ५५ युरो झाला. हा पैसा लोकांना माणशी परत देऊ, असे वचन सत्ताधारी पक्षांच्या करारात होते. वसुली वर्षानुवर्षे वेळेवर झाली. परतीचा पैसा ते सरकार नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थसंकल्पाच्या भांडणात कोसळले तरी आला नाही. मधेच नोव्हेंबर २०२३ मध्ये घटना न्यायालयाने हवामान निधीत वळवलेले ६० अब्ज युरो बेकायदा ठरवले, म्हणजे अनुदानाच्या तिजोरीलाच भगदाड. वसुलीचा माणूस दारात आणि अनुदानाचा कागद तालुक्यात, हे चित्र फक्त आपल्या जिल्ह्यातले नाही. २०२५ मध्ये आलेल्या नव्या सरकारने हा कायदा काढून टाकू, असे आपल्या करारात लिहून ठेवले.

गावाला पुढे करायचे

इंग्लंडची गोष्ट छोटी आहे पण ऐकण्यासारखी. तिथे शहरांत नळाने गॅस येतो. खेड्यांत नळ नाही, शेतकरी आणि मजूर टाकीत तेल भरून घर तापवतात. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने प्रस्ताव मांडला : तेलाचे नवे बॉयलर २०२६ पासून बंद, गॅसचे २०३५ पासून. म्हणजे खेड्याने नऊ वर्षे आधी बदलायचे, शहराने मागाहून. खेड्यातली घरे जुनी, दगडी, गळकी. विजेची तार बारीक. तरी प्रयोग आधी त्यांच्यावर. सत्ताधारी पक्षाच्याच खेड्यातल्या खासदारांनी विरोध केला. २० सप्टेंबर २०२३ ला पंतप्रधान ऋषी सुनक यांनी तेलाची तारीखही २०३५ वर नेली आणि हीट पंपाचे अनुदान ५,००० वरून ७,५०० पौंडांवर नेले. दोन वर्षांत जी अक्कल आली ती पहिल्या दिवशी खेड्यात जाऊन विचारले असते तर फुकट मिळाली असती.

डेन्मार्कचे काड

हे वाचून कोणी म्हणेल, म्हणजे इंधन बदलणे हेच मुळात चूक. आम्ही तसे म्हणत नाही. जर्मनीला लागून डेन्मार्क आहे. तिथे हेच काम झाले, पण क्रम वेगळा होता.

१९७३ च्या तेलसंकटात डेन्मार्कची जवळजवळ सगळी ऊर्जा आयात तेलावर होती. १९७९ साली त्यांनी उष्णतापुरवठ्याचा कायदा केला. पहिले कलम बंदीचे नव्हते, मोजणीचे होते. प्रत्येक नगरपालिकेने आपल्या हद्दीत किती उष्णता लागते, ती कोठून येते, कोठे काय परवडेल, याचा आराखडा करायचा. मग गरम पाण्याची नळयोजना घातली. आपल्याकडे टाकीतून गावाला पाणी येते, तसे तिथे एका केंद्रातून तापलेले पाणी घराघरांत जाते. आज तिथली सुमारे दोन-तृतीयांश घरे अशी तापतात. या योजना बहुतेक ठिकाणी नगरपालिकांच्या किंवा ग्राहकांच्याच सहकारी संस्थांच्या मालकीच्या आहेत आणि उष्णता खर्चाच्या भावाने द्यायची, नफा काढायचा नाही, असे कायद्याने बांधले आहे. सहकार म्हटल्यावर आपल्याकडे लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण वर्षाच्या शेवटी वही सभासदांपुढे उघडावी लागते, तिथे सहकार टिकतो.

बंदी तिथेही आली. २०१३ पासून नव्या घरात तेल-गॅसचे बॉयलर बंद. २०१६ पासून जुन्या घरातही तेलाचा नवा बॉयलर बंद, पण कोठे? जिथे गरम पाण्याचा किंवा गॅसचा नळ आधीच दारापाशी पोचला आहे, तिथेच. चाळीस वर्षे खपून सोय केली, सक्ती शेवटी.

आणि त्या केंद्रांत जळते काय? सुरुवातीला कोळसा आणि गॅस, पुढे कचरा, लाकूड आणि गव्हाचे काड. शेतात काड जाळायला १९९० च्या सुमारास तिथे बंदी आली. नुसती बंदी घालून सरकार घरी गेले नाही. १९९३ मध्ये तिथल्या पक्षांनी मिळून करार केला आणि वीज कंपन्यांवर बंधन टाकले : वर्षाला १२ लाख टन काड आणि २ लाख टन लाकूड जाळायचेच. शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळाले. काडाच्या गाठी बांधल्या, ओलावा मोजला, टनाच्या भावाने पैसे झाले. जे काल बांधावर जळत होते ते आज शहर तापवते आहे. बंदीच्या एका हाताबरोबर बाजाराचा दुसरा हात आला, म्हणून काम झाले.

आपल्या चुलीपाशी

आता आपल्या घरात या. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली. धूर माय-बहिणींच्या छातीत जातो, चूल जावी, हे शंभर टक्के बरोबर. जोडणीमागे १,६०० रुपये सरकारने दिले. परंतु पहिल्या टप्प्यात शेगडी आणि पहिले सिलिंडर ज्यांना कर्जाने मिळाले, त्यांचे कर्ज पुढच्या अनुदानातून वळते होत राहिले. महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालात ३१ डिसेंबर २०१८ पर्यंतचा हिशेब आहे : वर्ष पूर्ण झालेल्या लाभार्थींनी वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर भरून घेतले. तीन सिलिंडरवर वर्षाचा स्वयंपाक कोणाचा होतो? बाकीचे महिने चूलच. मे २०२२ मध्ये सिलिंडर हजार रुपयांच्या वर गेला, तेव्हा कोठे या योजनेतल्या घरांना दोनशे रुपयांची सवलत आली, ती पुढे तीनशे झाली. जोडणी मोजली गेली, स्वयंपाक मोजला गेला नाही. देशातला निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून येतो. समुद्रापलीकडे युद्ध झाले की आपल्या सिलिंडरचा भाव हलतो, जसा जर्मनीच्या ऊबेचा हलला.

आणि चुलीत जळते काय? पऱ्हाटी, तुराटी, गोवऱ्या. शेण चुलीत गेले की खत गेले, हे आम्ही कृषी पदवीच्या पुस्तकात शिकलो, पण पुस्तकात हे लिहिलेले नव्हते की शेतकऱ्याच्या बायकोपुढे दुसरा पर्याय काय होता.

पऱ्हाटीचेच बघा. कोरडवाहू वावरात हेक्टरी दोन टनांच्या आसपास पऱ्हाटी निघते. वाळलेल्या पऱ्हाटीत किलोमागे, आपल्या औष्णिक केंद्रांत जळणाऱ्या राखट कोळशाइतकी उष्णता असते. बांधावर ढीग लावून उन्हाळाभर ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा. वावरात पेटवली तर जमिनीचा सेंद्रिय कर्ब गेला. नागपूर-मुंबईच्या कापूस संशोधनवाल्यांनी पऱ्हाटीपासून फळ्या, ठोकळे, गोळ्या करून दाखवल्याला किती वर्षे झाली. केंद्राच्या वीज मंत्रालयाने २०२१ मध्ये औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर काडीकचऱ्याच्या गोळ्या जाळण्याचे धोरण जाहीर केले. धोरण ठीक आहे. पण गोळीचा भाव केंद्राच्या फाटकावर ठरतो. त्यातले वावरात किती पोचते? उपटायची मजुरी, वाहतूक, कुट्टी वजा जाता पऱ्हाटी फुकट नेतो तो व्यापारी, आणि वावर साफ करून दिले म्हणून आपणच त्याचे उपकार मानतो. डेन्मार्कच्या शेतकऱ्याला टनाचा भाव, आपल्याला उपकार.

आमच्यातले काही मित्र म्हणतात, हवामानबदल वगैरे श्रीमंत देशांचे खूळ आहे, आपण त्यात पडू नये. आम्हाला हे मान्य नाही. पेरणीनंतर तीन आठवडे पावसाची उघडीप, बोंड फुटताना अवकाळी, हे झेलतो कोण? मुंबईचा कारखानदार नाही झेलत. आभाळ बिघडले तर पहिला मार कोरडवाहू शेतकऱ्याला आहे, म्हणून धूर कमी व्हावा यात आपलाच स्वार्थ आहे. आमचे भांडण हेतूशी नाही, क्रमाशी आहे. बदल करायचा तर त्याची किंमत ज्याच्याकडे सगळ्यांत कमी आहे त्याच्याकडून आधी वसूल करू नका, एवढेच. जर्मनीने हे पाळले नाही आणि चांगले काम बदनाम केले. कायदा बदनाम झाला की नुकसान हवेचेही होते आणि गरिबाचेही.

बैठकीपुढे

जिल्हा बैठकीत या विषयावर आम्ही चार गोष्टी मांडणार आहोत. पटल्या तर ठराव करू, नाही पटल्या तर खोडून काढा.

एक, मोजणी आधी. कोणत्या गावात किती घरे काय जाळतात, वर्षातले किती महिने, हे गावपातळीवर लिहिले गेल्याशिवाय चुलीबाबत किंवा काडी जाळण्याबाबत कोणताही दंड नको.

दोन, अनुदान जोडणीवर नको, भरलेल्या सिलिंडरवर हवे, आणि ते पैसे आधी भरून मागाहून खात्यात येण्याऐवजी भरतानाच वजा व्हावे. कोरडवाहू घरात जूनमध्ये बियाणे घ्यायचे असते, तेव्हा हजार रुपये अडकवून बसणे परवडत नाही.

तीन, पऱ्हाटीला वावरावरचा भाव. वजन आणि ओलावा शेतकऱ्यासमोर मोजावा, आणि गोळ्यांचे यंत्र शक्यतो शेतकऱ्यांच्या स्वतःच्या कंपनीचे किंवा गटाचे असावे. सगळी पऱ्हाटी मात्र विकू नका. एक वर्षाआड तरी कुट्टी करून जमिनीला परत द्या, नाहीतर पालाश आणि कर्ब दोन्ही विकून बसाल. ज्वारीचा कडबा या बाजारात आणूच नका, तो जनावराचा आहे.

चार, बंदी शेवटी. सोय दारात आल्याला दोन हंगाम झाले, वापरून पाहिली, परवडली, मग सक्तीची भाषा बोला. तोपर्यंत नाही.

या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गावातली वीस घरे घ्यायची, त्यांत भूमिहीनांची पाच तरी असावीत. मागच्या वर्षी किती सिलिंडर भरले, चूल किती महिने पेटली, पऱ्हाटी कोणी नेली आणि तिचे काय मिळाले, एवढे चारच रकाने. हा कागद मायबहिणींना विचारून भरायचा आहे, पारावर बसून अंदाजाने नाही, आणि बैठकीत तो वाचायलाही त्यांनीच उभे राहावे. सरकार मोजणी करील तेव्हा करील. आपली मोजणी आपल्या हातात असली म्हणजे उद्या कोणी दारात नोटीस घेऊन आले तर आपल्याजवळ बोलायला काहीतरी असेल.